तेवीस नंबरची जागा

१४ सप्टेंबर १९९९, मंगळवार

पराग म्हणाला, "काका, स्विचमध्ये जे जे बदलाल ते तारीख घालून वहीत लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही कुठली तार कुठे गेली." म्हणून ही डायरी. रंगाच्या एजंटाने जानेवारीत दिली होती, आजवर कोरी होती. पहिले आठ महिने वाया गेले, पण आपले बाकीचे काय कमी गेलेत.

पराग म्हणजे मुंबईच्या कंपनीने पाठवलेला इंजिनियर. वय सव्वीस, मिशी नाही, उत्तरं सगळी तयार. मी म्हणजे मधुकर, वय एकोणपन्नास, पांडेसऱ्यातल्या या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंग मिलचा कॉम्प्युटर विभाग. विभाग आणि विभागप्रमुख दोन्ही मीच. टायपिस्ट म्हणून लागलो होतो, फॉक्सप्रो रात्रशाळेत शिकलो आणि काचेच्या केबिनमध्ये येऊन बसलो. मिलमध्ये एसी तीनच खोल्यांत आहे, त्यातली एक माझी. मशीनला थंडावा लागतो म्हणून आहे, माझ्यासाठी नव्हे, पण मशीन तक्रार करत नाही तर मी कशाला करू.

आता स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जिच्यात येतात ती पेटी. आजवर आमच्याकडे हब होता. हब म्हणजे चाळीतली गॅलरी. एकाने हाक मारली की सगळ्या खोल्यांत ऐकू जाणार, ज्याचं काम असेल तो ओ देणार. स्विचला मात्र सांगून ठेवता येतं की एक ते अकरा हे एक घर, बारा ते बावीस हे दुसरं. पेटी तीच, छप्पर तेच, पण या घरातली हाक त्या घरात जातच नाही. याला व्हीलॅन म्हणतात. पराग दोन तास इंग्रजीत समजावत होता. मी शेवटी म्हटलं, "म्हणजे वाटणी." तो हसला आणि म्हणाला, "काका, हे मी पुढच्या ठिकाणी वापरणार."

वाटणीच आहे. आमचे दोन्ही शेठ, थोरले हर्षदभाई म्हणजे मोटाभाई आणि धाकटे बिपिन म्हणजे नानाभाई, दिवाळीनंतर लाभपाचमेच्या मुहूर्तावर वेगळे होणार. कापड रंगवायची जेट मशीन सहा-सहा. इमारत मात्र एकच राहणार, कारण बापुजी आहेत तोवर मध्ये भिंत नको असं दोघंही चारचौघांत सांगतात. भिंत नको आणि एकमेकांचं काही दिसायलाही नको. म्हणून ही पेटी.

१६ सप्टेंबर

दोघांनी याद्या दिल्या. कोणाचा कॉम्प्युटर कोणाकडे. मोटाभाईंची अकरा नावं, नानाभाईंची अकरा. मी स्विचचे पोर्ट, म्हणजे तारा खोचायच्या जागा, मोजल्या. चोवीस. एक ते अकरा, बारा ते बावीस. चोवीस रिकामा. तेवीसमध्ये तार आहे, पण नाव कुठल्याच यादीत नाही.

ती तार बापुजींच्या टेबलाची.

बापुजी म्हणजे डाह्याभाई, या दोघांचे वडील. एक्क्याऐंशी वर्षांचे. एका जिगर मशीनवर ही मिल सुरू केली. रोज अकराला येतात, टोपी काढून टेबलावर ठेवतात आणि एफ-टू दाबतात. तो प्रोग्रॅम मी त्यांच्यासाठी केलाय. एक बटण दाबलं की बाराही मशीनचे कालचे मीटर मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतात. मोतीबिंदू आहे, म्हणून अक्षरं चांगली बोटभर ठेवलीत. ते एकेक आकडा मोठ्याने वाचतात, शेवटी "सारुं" म्हणतात आणि चहा मागवतात. दुसरं काही करत नाहीत. त्यांना दुसरं बटण माहीत नाही.

परागला विचारलं, "ज्याला कुठेच टाकलं नाही त्याचं काय?"

"तो आपोआप एक नंबरच्या व्हीलॅनमध्ये राहतो. धर्मशाळा समजा. आत बसता येतं, पण भेटायला कोणी नाही."

दोघा भावांपैकी कोणीतरी विसरलं असणार. विचारून घेतो.

२१ सप्टेंबर

पराग काल गेला. स्विचमध्ये बदल करायची निळी केबल आणि पासवर्ड माझ्या ताब्यात. जाताना एक चांगली गोष्ट शिकवून गेला, पिंग. इथून एक हाक पाठवायची आणि पलीकडून ओ आली की समजायचं, तार शाबूत आहे, मशीन जिवंत आहे. दिवसभर सगळ्यांना पिंग करत बसलो होतो. तेवीसच्या तेवीस ओ देतात. मजा वाटते.

घरीही माझं तेच चालू आहे म्हणा. दुपारी एकला मी केबिनमधून घरी फोन करतो. आई उचलते. "कोन शे?" विचारते. मी म्हणतो, "मी, मधू. जेवलीस?" ती म्हणते, "हा." मी ठेवतो. तार शाबूत.

हे लिहूनच ठेवावं, कारण लोक उगाच बोलतात. आई ऑगस्टमध्ये घरातून निघून गेली होती. उधन्याच्या रेल्वे लाईनजवळ आमच्याच मिलमधल्या धुडकूला सापडली, भुसावळची गाडी कुठून सुटते ते लोकांना विचारत होती. धुडकू तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला. मी आणि बायको अरुणा दोघं नोकरीवर. अरुणाची शाळा, माझी मिल. माणूस ठेवून पाहिलं, दोघी बाया आठवड्यात गेल्या. म्हणून दाराला बाहेरून कडी बसवली. दहा ते पाच. आत पाणी, जेवण, रेडिओ, फोन सगळं आहे. पंखा चालू ठेवून जातो. याला कोंडणं म्हणत नाहीत.

शिवाय दिवाळीपर्यंतच आहे. आईची सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने ललितकडे अशी पाळी ठरलेली आहे, बाबा गेल्यापासून. दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ तिला जळगावला नेणार.

२७ सप्टेंबर, सोमवार

आज एकाच दिवसात दोघांनी मला पकडलं.

सकाळी मोटाभाई केबिनमध्ये आले, दार लावलं. "मधुभाई, तमे तो घरना माणस छो." घरचा माणूस म्हटलं की मी सावध होतो, कारण त्यानंतर परक्या माणसाला सांगता येणार नाही असं काम येतं. काम असं, की व्हीलॅन करा, पण मला बिपिनच्या बाजूची एक छोटी खिडकी ठेवा. फक्त व्यापाऱ्यांची नावं दिसली तरी पुरे.

दुपारी नानाभाई. त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, नाश्ता मागवला. खमण तोंडात असताना नकार देता येत नाही हे त्यांना माहीत आहे. "मधुभाई, हर्षदभाई माझ्यावर नजर ठेवतील. तुम्ही माझं दार घट्ट बंद करा. आणि त्यांचं थोडं उघडं."

मी दोघांनाही "पाहतो" म्हणालो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एवढा एक शब्द मी नीट शिकलो. आता लाभपाचमेपर्यंत मी या दोघांच्या मध्ये आणि त्यानंतर कोणाच्या यादीत, तेही माहीत नाही. माझंही नाव अजून कुठेच नाही. केबिनची किल्ली माझ्या खिशात आहे, पण बाहेर पडायला वाट आहे असं वाटत नाही.

तेवीस नंबरचं दोघांनाही विचारलं. मोटाभाई म्हणाले, "बिपिनने घेतला असेल ना." नानाभाई म्हणाले, "ते तर मोठ्याचं काम."

४ ऑक्टोबर, सोमवार

वाटणी झाली. काल रविवारी एकट्याने बसून केली. जुना सर्व्हर मोटाभाईंकडे, नवा नानाभाईंकडे. कोणालाही खिडकी ठेवली नाही. दोघांना सांगितलं, "या स्विचमध्ये ती सोय नाही." खोटं आहे, पण दोघांना सारखंच खोटं सांगितलं. पिंग करून पाहिलं. एक ते अकरा आपसात बोलतात. बारा ते बावीस आपसात. मधून हाक मारली की शांतता. काम सफाईदार झालं. पराग असता तर पाठ थोपटली असती.

आणि मग आज अकरा वाजता बापुजी आले.

टोपी काढली, एफ-टू दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. मी काचेतून पाहत होतो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा दाबलं. मग उठून हळूहळू माझ्या केबिनपाशी आले आणि विचारलं,

"मधुभाई, आजे मिल बंध छे?"

खाली बाराच्या बारा जेट चालू. बॉयलरचा आवाज एवढा की काच थरथरते. आणि हा माणूस मला विचारतोय, मिल बंद आहे का.

मी म्हटलं, "नाही बापुजी, चालू आहे. वायरमध्ये जरा बिघाड आहे."

"बाराही?"

"बाराही."

ते परत जाऊन खुर्चीत बसले. चहा मागवला नाही.

५ ऑक्टोबर

पुन्हा दोघांना विचारलं. मोटाभाई: "त्यांना आता आकडे कशाला? आराम करा म्हणावं." नानाभाई: "माझ्या बाजूचे आकडे मोठ्याच्या माणसाला दिसता कामा नयेत. आणि बापुजी म्हणजे मोठ्याचाच माणूस." मोटाभाईंना नेमकं उलटं वाटतं.

बापुजींनी आज पुन्हा विचारलं, मिल बंद आहे का. मी पुन्हा वायर म्हणालो.

काय मुलं आहेत ही! ज्याने मशीन उभं केलं त्याला एक तार द्यायला कोणी तयार नाही. दोघं मिळून त्याला धर्मशाळेत ठेवून मोकळे. आमच्याकडे निदान पाळी तरी ठरलेली आहे.

९ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री

बाबांचं पान वाढलं. खीर, वडे, अरुणाने सुट्टी घेऊन सगळं केलं. आई ओट्याशेजारी बसून पाहत होती. मध्येच म्हणाली, "हाई पान कोनं शे?" मी म्हटलं, "बाबांचं." तिने पदर डोक्यावर घेतला आणि पानाला नमस्कार केला. मला फार बरं वाटलं, की एवढं तरी लक्षात आहे.

कावळा लवकर शिवला नाही. अरुणा म्हणाली, काहीतरी कबूल करा. मी गच्चीवर उभा राहून मनात म्हटलं, आईचं सगळं नीट करू. तेवढ्यात आला. बाबा तसे भोळे होते.

दुपारी ललितचा फोन. "दादा, दिवाळीनंतरचं जरा..." जरा म्हटल्यावरच समजलं. त्याच्या गौरीची बारावी. वरच्या मजल्याचं बांधकाम. बायकोची कंबर. त्याची यादीही तयार आहे. मी म्हटलं, पाळी म्हणजे पाळी, मला कारणं सांगू नकोस. तो म्हणाला, "कारणं नाहीत, अडचणी आहेत." मी फोन आपटला. आई तिथेच बसली होती. तिला काही कळत नाही हे एक बरं.

जेवताना बापुजींच्या तारेसाठी एक युक्ती सुचली. नेहमी मन असं नको तिथे जातं.

११ ऑक्टोबर

पोर्ट २३: मोटाभाईंच्या व्हीलॅनमध्ये टाकला.
पोर्ट २४: नानाभाईंच्या व्हीलॅनमध्ये. नवी तार.

दोन्ही तारा बापुजींच्या कॉम्प्युटरला. आत दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. आता तो एकटा कॉम्प्युटर दोन्ही घरांत बसलेला आहे. या घराची हाक त्या घरात जात नाही, पण त्यांना दोन्हीकडचं ऐकू येतं. एफ-टू दाबलं की सहा मशीन इकडून येतात, सहा तिकडून, पडद्यावर बाराच्या बारा. मी शेठना सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, म्हाताऱ्याचे मीटर आहेत.

बापुजी अकराला आले. रोजच्यासारखं बटण दाबलं, काही दिसेल अशी आशा चेहऱ्यावर नव्हती. मग पहिला आकडा वाचला. मग दुसरा. बारावा वाचताना आवाज फुटला. "सारुं, सारुं." दोन चहा मागवले. एक माझा.

म्हणाले, "मधुभाई, या ऑफिसात मी एकाही कपाटाला कधी कुलूप लावू दिलं नाही. माहीत आहे ना?"

माहीत आहे. म्हणूनच आमच्या एकाही फोल्डरला पासवर्ड नाही. पराग हे पाहून डोक्याला हात लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, घरात कोणी कुलूप लावतं का.

आज नोकरी सार्थकी लागली असं वाटलं.

२२ ऑक्टोबर

दसरा गेला. लिहिण्यासारखं नव्हतं. मीटर येतात, चहा येतो.

शेजारच्या मालतीबाईंनी आज जिन्यात अडवलं. "भाऊ, तुमच्या आई दाराशी बोलतात. आतून थापा मारतात. मी इकडून उत्तर देते, पण कडीला हात कसा लावू, तुमचं घर." मी म्हटलं, त्यांना भास होतात. मालतीबाई म्हणाल्या, "त्यांना होतात, मला नाही होत."

खोचक बाई आहे. दिवसभर दुसऱ्याच्या दाराला कान लावून बसते. मी रोज एकला फोन करतो, रोज उत्तर येतं. हिला काय माहीत.

२ नोव्हेंबर, मंगळवार

बापुजी जेवण झालं की मागच्या खोलीत तासभर आडवे होतात. आज त्या वेळात मोटाभाई त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. किती दिवसांपासून बसत होते देव जाणे. मी फक्त मीटरची फाइल जोडली होती, पण फोल्डर उघडा तो उघडाच. त्यांनी नानाभाईंच्या सगळ्या व्यापाऱ्यांची यादी पडद्यावर काढली होती, कोणाला रंगाचा कुठला शेड, कोणाचा माल कधी. आणि मागे नानाभाई येऊन उभे राहिले.

पुढचं काय लिहू. सख्ख्या भावांनी एकमेकांना काय काय म्हटलं ते लिहायची या पानाची लायकी नाही आणि माझीही नाही. सगळं ऑफिस उभं. बापुजी झोपेतून उठून धोतर सावरत दारात आले. नानाभाई त्यांच्यावर ओरडले, "तुम्ही मोठ्याचे हेर झालात!" मोटाभाई म्हणाले, "मी? मला तर वाटलं, हे बिपिनने माझ्याकडे डोकवायला लावलंय!"

मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. "मधुभाई, ही दुसरी तार कोणी टाकली? कोणाला विचारून?"

मला एवढंच बोलायचं होतं की मी टाकली. माझ्या मनाने टाकली. पाच शब्द.

मी म्हणालो, "बापुजींनी सांगितलं होतं."

बापुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्या नजरेने रोज आकडे वाचतात तसं, नीट जवळ घेऊन पाहिलं. मग मुलांकडे वळून म्हणाले,

"हा. में ज कीधुं हतुं. मधुभाईनो वांक नथी."

मीच सांगितलं होतं, मधुभाईचा दोष नाही, असं ते खोटं बोलले. माझ्यासाठी. एक्क्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या मुलांसमोर, टायपिस्ट म्हणून लागलेल्या माणसासाठी. मी केबिनमध्ये येऊन दार लावलं आणि एसीखाली बसून घाम पुसत होतो.

३ नोव्हेंबर, बुधवार

पोर्ट २३: तार काढली.
पोर्ट २४: तार काढली.

दोघा भावांचं दीड महिन्यात पहिल्यांदा एकमत झालं. बापुजींनी आता ओलपाडच्या वाडीवर राहावं. तिथे हवा चांगली आहे. टेबल नंतर उचलू, तारा आत्ता काढा. काढायला मीच.

बापुजी अकराला आले. टोपी ठेवली. मी टेबलाखाली तारा गुंडाळत होतो, त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर. एफ-टू दाबल्याचा आवाज ऐकला. काही विचारलं नाही. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाले, "तमारां बा केम छे?"

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या आईचं कधी विचारलं नव्हतं. धुडकूने सांगितलं असेल. मी म्हटलं, मजेत आहेत.

"दिवसभर एकलां तो नथी ने?"

मी म्हणालो, "नाही बापुजी, माणूस आहे."

दोन दिवसांत याच माणसासमोर दुसरं खोटं. बारा वाजता गाडी आली. ड्रायव्हर होता, मुलगा एकही नव्हता. टोपी टेबलावर राहिली होती, मी धावत नेऊन दिली. त्यांनी ती घातली आणि खिडकीची काच वर केली.

एक वाजता घरी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पंधरा वेळा वाजला. पुन्हा. आईने उचलला नाही. मी केबिनची किल्ली टेबलावर टाकली आणि स्कूटर काढली. पांडेसऱ्याच्या फाटकापाशी गाडी जायची होती म्हणून अडकलो, तिथे फाटकाच्या पलीकडे रुळांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. कडी बाहेरून आहे, ती जाणार कुठे, असं स्वतःला सांगत होतो. आणि कडी बाहेरून आहे, आत काही झालं तर, हेही तितक्याच जोराने मनात येत होतं.

मालतीबाई जिन्यात उभ्या होत्या. मी कडी काढली.

आई दारापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली होती. नऊवारी नीट नेसलेली, पायात चपला, मांडीवर पिशवी. पिशवीत दोन लुगडी, बाबांचा फोटो आणि सकाळी ठेवलेला डबा, न उघडलेला. फोन मागे भिंतीजवळ. मला पाहून ती उठलीसुद्धा नाही, फक्त विचारलं,

"मधू, आज मिल बंद शे का?"

मी कसाबसा म्हणालो, "फोन का उचलला नाहीस?"

"रोज वाजस," ती म्हणाली. "कोनी येस नही."

दार मी आतून लावून घेतलं तेव्हा त्याची ही बाजू दिसली. मी घरी असतो तेव्हा दार उघडं, भिंतीला टेकलेलं, त्यामुळे ती बाजू मी तीन महिन्यांत पाहिलीच नव्हती. कमरेच्या उंचीवर पंजाएवढा रंग गेला आहे. लाकूड दिसतंय.

"ललित उना का?" आईने विचारलं. "मी तयार शे."

तिला सगळं कळत होतं. सर्वपित्रीला फोन आपटला तेही, पाळी, याद्या, सगळं. तिच्या बोलण्यातून उमगलं, रोज आम्ही गेलो की ती तयार होऊन बसायची आणि पाचच्या आधी पिशवी आवरून ठेवायची. मी तिच्यापाशी जमिनीवर बसलो आणि रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बठ, जेवी ल्हे."

४ नोव्हेंबर, गुरुवार

मिलमध्ये फोन केला. आधी मोटाभाईंना, मग नानाभाईंना. दोघांना सारखंच सांगितलं, पण या वेळी खरं. "दुसरी तार मी टाकली. बापुजींनी सांगितलं नव्हतं. त्यांना परत आणा." मोटाभाई म्हणाले, "हवे शुं?" आता काय त्याचं. नानाभाई म्हणाले, "ठीक छे, ठीक छे, तुम्ही स्विचचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा." बापुजी ओलपाडलाच राहणार. मी दोन दिवस उशिरा खरं बोललो आणि त्याने तेवीस नंबरच्या जागेवर काही फरक पडला नाही.

ललितला सांगितलं की आईला न्यायला येऊ नकोस. भेटायला ये. तो "बरं दादा" म्हणाला. त्या "बरं"मध्ये किती सुटका होती. मी त्याच्यावर चिडलो नाही. ऑगस्टमध्ये कडीचा शेवटचा स्क्रू पिळताना मीही असाच सुस्कारा टाकला होता.

कडी काढली. त्याच स्क्रूड्रायव्हरने, ज्याने स्विच बसवला. चार भोकं राहिली आहेत, ती बुजवणार नाही.

आठ दिवसांची रजा टाकली. अरुणाने विचारलं, नवव्या दिवशी काय. मला माहीत नाही. मालतीबाई दुपारी बसायला तयार आहेत, त्यांनीच सांगितलं, मी विचारायच्या आधी. पण त्यांना मी जे बोललो ते आधी मागे घ्यावं लागेल. नोकरी राहील की नाही तेही माहीत नाही. दार उघडं आहे आणि आई सारखी उंबऱ्यापर्यंत जाऊन बाहेर बघते, परत येते. प्रत्येक वेळी मी तिच्यामागे जातो.

आत्ता एक वाजता फोन वाजला. मिलमधून असणार, पासवर्डसाठी. आईने फोनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी उचलला नाही. तो वाजून बंद झाला, मग आम्ही जेवायला बसलो.